शेंडे खुडा

माझ्या मेपलचं वय नऊ वर्षं आणि उंची जेमतेम एक वीत. ही बुटकी जपानी जात मुळातच सावकाश वाढते. त्यात मी तिला परातीएवढ्या उथळ कुंडीत बसवून, मुळं छाटून, फांद्यांना तार गुंडाळून आणखी सावकाश केलेलं. थंड हवेतलं झाड मुळशीच्या उन्हाळ्यात वाढवणं हा निव्वळ आगाऊपणा, हे मला कळत होतं. पण लातूरची मी इथे येऊन टिकले, तर ते का टिकू नये, असं माझं म्हणणं.

कासार आंबोलीत मी एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. पुढे गच्ची, तिथे मेपल. खाली घरमालकीण. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या, नवरा दिवसभर शेतात. मी तिला मावशी म्हणते. संध्याकाळी उरवड्याच्या कारखान्यातलं ऑफिस सुटलं की मी चिमटा घेऊन झाडापाशी बसायची आणि मावशी चहाचा कप घेऊन वर यायची.

"पोरी, जमिनीत लाव की ह्याला. कशाला उपाशी ठिवलंयस?"

"हे असंच लहान ठेवायचं असतं, मावशी."

"फळ येतं का काय?"

"नाही."

"मंग फूल?"

"येतं, पण बघण्यासारखं काही नाही."

यावर ती बराच वेळ बघत राहायची. झाडाकडे नाही, माझ्याकडे.

एप्रिलमध्ये भावाच्या लग्नासाठी मला सहा दिवस गावी जायचं होतं. झाडाला नुकतीच नवी पालवी फुटलेली. अशा वेळी कोवळी टोकं काढली नाहीत तर फांद्या लांबतात आणि बोन्सायचा घाट बिघडतो. म्हणून निघताना मी मावशीला सांगितलं, "रोज सकाळी थोडं पाणी घाला. आणि नवे शेंडे दिसले की खुडा."

चूक इथे झाली, आणि ती माझी. जिने जन्मभर हरभऱ्याचे शेंडे खुडले, तिला नुसतं 'खुडा' म्हणून चालत नाही. कुठे थांबायचं ते सांगावं लागतं. आणि खुडलेलं टाकून द्यायचं, हेही सांगावं लागतं, कारण त्या घरात खुडलेलं काहीही कढईतच जातं.

परत आले तर मेपलवर एक पान नव्हतं. झाड उन्हाने गेलं, असंच मला वाटलं. एवढ्यात मावशी झाकलेली वाटी घेऊन वर आली.

"काल खुडली बघ समदी. मूठभरच निघाली. लसूण घातला, दाण्याचं कूट घातलं. तुझ्यासाठी ठिवलीया." मग जरा संकोचून म्हणाली, "तुरट हाय. आमच्या ह्यांनी न्हाई खाल्ली."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण झाडाला पुन्हा हात लावायचा नाही आणि महिनाअखेर मी खोली सोडते, हे दोन्ही बोलले. वाटी कठड्यावर ठेवून ती खाली गेली.

तिसऱ्या दिवशी धीर करून मी बोन्साय शिकवणाऱ्या सरांना पुण्याला फोन लावला. ते पोटभर हसले. म्हणाले, "अहो, मेपलची पानं आम्ही मुद्दाम अशी काढतो. नवी येतात ती बारीक येतात. देठ ठेवलेत का?"

मी वाकून पाहिलं. एकूण एक देठ जागेवर होता. चिवट देठ भाजीत चालत नाही.

"मग काळजी नको. सावलीत ठेवा, पाणी बेताने. तीनेक आठवड्यांत फुटेल. काढली कोणी? हात तयार आहे."

मी फोन ठेवला आणि हे कोणालाही सांगितलं नाही. इतकं ओरडून झाल्यावर खाली जाऊन 'तुमचंच बरोबर' म्हणायला माझी जीभ वळेना. याची मला आजही लाज वाटते.

मावशीने मात्र माझी ताकीद मानली नाही. तिने कुंडी उचलून पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेली. उन्हाच्या बाजूला पोतं टांगलं आणि दिवसातून दोनदा जिना चढून ते भिजवू लागली. एका शनिवारी तर तिने मीठ-मोहरी घेऊन झाडाची रीतसर दृष्ट काढली. एकदा दाराआडून मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"फूट रं बाबा. न्हाईतर ती जाईल. मंग मी कुणाशी बोलू?"

तरी मी दार उघडलं नाही. उद्या सांगू म्हटलं, आणि असे चार-पाच उद्या गेले.

मग एका सकाळी गच्चीतून हाक आली. देठ गळून पडले होते आणि त्यांच्या जागी लालसर, नखाएवढी पानं उलगडत होती. मावशी पदराने डोळे पुसत होती. मला राहवलं नाही. सरांचं सगळं बोलणं मी तिला सांगून टाकलं.

तिचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

"म्हंजी ते जगनार, हे तुला ठावं व्हतं?"

"हो."

"कवापासनं?"

"तुम्ही पोतं टांगलंत त्याच्या आदल्या दिवसापासून."

"आन मी हितं गुडघं धरून जिना चढतीया."

"चुकलं माझं, मावशी. मी खोली सोडणार नाही."

"त्ये आदी सांगायचं व्हतं."

ती वाकली. नव्या पानांतलं सगळ्यांत मोठं पान तिने शोधलं, नखाने खुडलं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं. चावत चावत माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आता वरड," म्हणाली.