विहिरीतला निर्दोष कोयता

हे मी खरं तर सांगायचं नाही. घरात तसं ठरलंय, आणि आईने माझ्याकडे बघून दोनदा ठरवलंय. पण तुम्ही आमच्या आत्याला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं तर चालेल.

पप्पा बोईसरला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात. दिवाळीच्या थोडं आधी तिथल्या यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला आणि दोन बोटांची टोकं गेली. यात हसण्यासारखं काही नाही, मला माहीत आहे. हसण्यासारखं जे आहे, ते मी केलं.

आमचं घर बोईसरजवळच्या माहीमला, माडांच्या वाडीत. शेजारी मोठी आत्या राहते. तिनेच पप्पांना लहानाचं मोठं केलं, आणि कंपनीच्या नोकरीला तिचा पहिल्या दिवसापासून विरोध. तिला खरं कळलं असतं तर तिने पप्पांची नोकरी त्याच दिवशी सोडवली असती. म्हणून दवाखान्यातून परत येताना आईने मला बजावलं, "आत्याला सांगायचं, नारळ सोलताना कोयता लागला. एवढंच. जास्त बोलायचं नाय."

जास्त बोलणारी मी मुलगीच नाही. हजेरीला 'उपस्थित' म्हणते तेही बाईंपर्यंत पोचत नाही. पण माझी एक अडचण आहे. समोरचं माणूस गप्प राहून माझ्याकडे बघायला लागलं की मला ती शांतता सहन होत नाही. मी ती भरत जाते.

"कुठला कोयता?" आत्याने विचारलं.

"मोठा. मूठ सैल झालेला."

ती गप्प.

"विहिरीजवळच्या माडाचा नारळ होता."

ती अजून गप्प.

"तेवढ्यात कावळा आला."

कावळा कुठून आला, मला आजही माहीत नाही. पण आत्याला तो पटला. "त्या कोयत्याचं लक्षणच ठीक नव्हतं," असं म्हणून ती आमच्या पडवीत गेली, कोयता उचलला आणि विहिरीत टाकला. आमच्याकडे तो एकच चांगला कोयता होता.

संध्याकाळपर्यंत माझी गोष्ट सगळ्या आळीत पोचली, आणि जाता जाता वाढली. समोरच्या काकूंनी तर पप्पांची किंकाळीसुद्धा ऐकली होती. पप्पा त्या वेळी बोईसरला होते.

मग ठेकेदाराने हात वर केले. म्हणाला, हा माणूस त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. हजेरीत पप्पांचं नाव नव्हतं. दवाखान्यात त्यानेच नेलं होतं, त्यामुळे तिथला कागदही त्याच्याच खिशात. पप्पा खचलेच. पण त्यांच्याबरोबरचे एक चाचा घरी येऊन म्हणाले, "भीख थोड़ी माँग रहे हो, भाई? हक़ है. अर्ज़ी डालो." मग पप्पांनी कामगार विम्याच्या कचेरीत अर्ज केला. कामावर लागलं हे सिद्ध झालं तर भरपाई. घरी लागलं असेल तर काहीच नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल.

एका सकाळी कचेरीतले साहेब चौकशीला आले. त्यांनी आळीच्या तोंडाशी आमचं घर विचारलं. आमच्या अंगणात पोचेपर्यंत त्यांना चार जणांनी नारळ सांगितला होता. पाचवी आत्या. ती त्यांना घेऊनच आली.

"साहेब, कंपनीचा काय संबंध? कोयता लागलाय त्याला. पुरावा दाखवू?"

ती त्यांना विहिरीवर घेऊन गेली. साहेबांनी चष्मा सांभाळत आत वाकून पाहिलं.

"दिसत नाय, पण हाय," आत्या म्हणाली. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

पप्पांनी तोंड उघडलं. "अगं ताई, ऐक..."

"तू गप रे दिन्या. तुला काय आठवतंय? तुला तर चक्कर आलेली."

साहेबांनी वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. 

"कोयता खोटा आहे," मी म्हणाले. माझा आवाज पहिल्यांदाच विहिरीपलीकडे गेला. "कावळापण. दोन्ही मीच रचले."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "मंग मी कोयता उगाच टाकला?"

"दोन्ही गोष्टी तूच सांगतेस," साहेब मला म्हणाले. "खरी कुठली, कशावरून ठरवू?"

तेव्हा मला शाळेची डायरी आठवली. मला बोलताना खोटं सुचतं, लिहिताना सुचत नाही. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यात लिहिलं होतं, 'काल वडिलांचा हात कारखान्यातील यंत्रात सापडला, दवाखान्यात जावे लागले, म्हणून गैरहजर होते.' खाली बाईंची सही आणि तारीख. मी धावत जाऊन डायरी आणली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "हे उपयोगी पडेल. बाईंना भेटून घेतो." सगळ्यांनी श्वास सोडला. मग ते म्हणाले, "पण खाली वडिलांची सही कोणी केली? यांचा तर उजवा हात बांधलेला होता ना?"

मी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "मी."

साहेबांनी मागची पानं उलटली. ताप. पोटदुखी. पुन्हा पोटदुखी. "सगळीकडे सही अगदी सारखीच आहे," ते सहज म्हणाले.

आईने डायरी घेतली. पोटदुखीच्या तारखा तिने बोटांवर मोजल्या. भाषणाची स्पर्धा, कविता म्हणून दाखवायचा दिवस, विज्ञानाची तोंडी.

आत्या मात्र आता साहेबांवर उलटली होती. "माज्या भावाची बोटं कंपनीने खाल्ली, आनि तुमी विहिरीत काय बघताय? लिवा."

साहेबांनी लिहिलं. बाईंनीही खरं ते सांगितलं, आणि दोन महिन्यांनी भरपाई मंजूर झाली. शेवटच्या कागदावर सही करायला पप्पांनी डाव्या हातात पेन घेतलं, तर आई म्हणाली, "अंगठाच लावा. आपल्या घरातल्या सहीवर आता कोण विश्वास ठेवील?"

कोयता अजून विहिरीतच आहे. डायरी आईच्या कपाटात असते, आणि मला बरं नसलं की ती स्वतः शाळेत येऊन बाईंना सांगते. तशी ती आता शांत झालीय, फक्त उद्या वर्गात भाषण आहे आणि मी सकाळपासून पोट धरून... थांबा, आई हाक मारतेय, हातात डायरी दिसतेय, मी आलेच, तिला फक्त एवढंच सांगते की या वेळी खरंच दुखतंय.