शेजारची पुट्टी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायको असती तर तिला सांगितली असती — पण ती असती तर असलं काही घडलंच नसतं. मग सांगायचं कुणाला? तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी निपाणीत राहतो. शाळेत कार्यानुभव शिकवायचो — खडूच्या रिकाम्या खोक्यांची घरं, काथ्याची पायपुसणी, असलं. आता रिटायर. मुलगा बेंगळुरात. आणि सध्या मी थोडाफार प्रसिद्धही आहे, हसू नका. घरात मांजर पाळणाऱ्यांना लागतात त्या वस्तू मी टाकाऊतून करतो. दुकानातली महागडी वाळू नको, प्लास्टिक नको. लाकडाच्या वखारीतला भुसा आणायचा, चाळून उन्हात वाळवायचा, जुन्या घमेल्यात जाडसर पसरायचा. झाली शी-शूची सोय. घाण झालेला भुसा जास्वंदीजवळ खड्ड्यात पुरायचा. नखं घासायला ओंडक्याला काथ्या गुंडाळायचा. फरशीला फिनेल अजिबात नको, मांजरं पाय चाटतात. मडक्यात गहू पेरून कोवळं गवत चघळायला द्यायचं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं याचा व्हिडिओ काढला, तेव्हापासून बोरगावातून, पार बेळगावच्या कॅम्पातून माणसं घरी येतात. "सर, पर्यावरणाची लई काळजी बघा तुम्हाला," म्हणतात.

पर्यावरण! मला कसली डोंबलाची काळजी? आमच्याकडं मांजराचं सामान मिळतं ते दुकान माझ्याच विद्यार्थ्याचं. तिथून एक पिशवी उचलली असती, तर दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं असतं की मास्तरांच्या घरात मांजर आहे. आणि ते कळून चालणार नव्हतं. म्हणून भुसा. वखारीत सांगितलं, कुंड्यांना पाहिजे.

येतो, मुद्द्यावर येतो. बघा, अजून लांबच चाललोय —

आमच्या परड्याच्या भिंतीपलीकडं नीलव्वा आक्का राहायच्या. त्याही एकट्याच. मुलगी गोकाकला दिलेली. घरात कानडी, माझ्याशी मराठी. त्यांची पांढरी-पिवळी मांजर होती, पुट्टी. पुट्टी म्हणजे कानडीत लहान पोर. एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुलीकडं जायचं होतं. भिंतीवरून म्हणाल्या, "मास्तर, मी येईपर्यंत तेवढं पुट्टीकडं बघा. ‘बारे’ म्हटलं की येती. मराठी कळत न्हाय तिला."

खरंच कळत नव्हतं. मी "ये ये" करून दमलो. शेवटी कुणी बघत नाही याची खात्री करून "बारे पुट्टी" म्हटलं, तर भिंतीवरून उडी मारून थेट घरात शिरली. बायको गेल्यापासून माझ्या हाकेला त्या घरात कुणी आलं नव्हतं. पुट्टी पलंगावर चढली आणि बायको झोपायची त्या बाजूला अंग मुडपून झोपली. मी साठी ओलांडलेला बाप्या, तिच्याकडं बघून रडलो.

आक्का परत आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा. संध्याकाळी परड्यात थाळी वाजवून हाक मारली, "बारे पुट्टी, बारे." पुट्टी माझ्या स्वयंपाकघरात होती. कान टवकारून ती दाराकडं गेली. मी दार लावलं. एवढंच केलं. आजची एक संध्याकाळ राहू दे, उद्या देऊ, असं मनाला सांगितलं. आक्कांनी भिंतीवरून विचारलं तेव्हा म्हणालो, "दोन दिवस झाले, आली न्हाय बघा आक्का. दिसली की सांगतो."

झालं. हीच ती गोष्ट. एका म्हाताऱ्या बाईची मांजर चोरली मी.

दुसऱ्या दिवशी देता आली नसती का? आली असती. सापडली म्हणून सांगायचं, वर आक्कांनी चहा पाजला असता. नाही दिली. उलट त्यांच्याबरोबर शोधायला निघालो — हे सांगताना आत्तासुद्धा तोंड कडू होतंय. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी हाताला धरलं. तंबाखूच्या वखारीमागून, शाळेच्या पटांगणाला वळसा घालून, दारोदार विचारत गेलो. मीही हाका मारत होतो. कानडीत. वाटेत एका कट्ट्यावर दम खायला बसलो तेव्हा आक्का म्हणाल्या, "तुमच्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतंय, मास्तर." आणि मी काय म्हणालो? "असू दे हो आक्का." काय माणूस आहे मी!

पुढं रोज दिवस मावळला की थाळी वाजायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. पुट्टी दाराला नखं मारायची, म्हणून काथ्याचा ओंडका केला. ओरडायची, म्हणून मक्याच्या वाळल्या कणसाचं खेळणं केलं. खिडकीतून जाईल, म्हणून जाळी ठोकली. लोक आता विचारतात, सर, या कल्पना तुम्हाला सुचतात तरी कशा? मी हसतो आणि चहा टाकतो.

हळूहळू थाळी वाजायची बंद झाली. आक्कांचं जेवण तुटलं होतं, म्हणून मुलगी येऊन त्यांना गोकाकला घेऊन गेली. घरात भाडेकरू आले. त्यानंतरच मी गल्लीत सांगितलं की मांजर पाळलीय. नाव सांगितलं मनी. मनी म्हटल्यावर ती अजूनही मान वळवत नाही. व्हिडिओ काढणारी पोरगी म्हणाली, "मांजर दाखवा की सर." म्हटलं, "लाजती गं ती."

आक्कांचा अधूनमधून फोन यायचा. आधी माझ्या जेवणाची चौकशी करायच्या, मग विचारायच्या, "पुट्टी?" मी म्हणायचो, "न्हाय आक्का." तेवढ्यासाठीच फोन करतात हे मला कळायचं. तरी फोनची वाट बघायचो मी. मला तरी दुसरं कोण फोन करतंय?

गेल्या महिन्यात फोन आला तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, "मास्तर, फोन जरा परड्यात धरता काय? मी हाक मारती. जवळपास असंल तर यील."

नाही म्हणायला कारण काय सांगणार? परड्यात गेलो. स्पीकर लावून भिंतीकडं हात लांब केला. "बारे पुट्टी, बारे —" पुट्टी आता म्हातारी झालीय, दिवसभर झोपून असते. मला वाटलं, उठायची नाही. ती उठली. खिडकीच्या जाळीवर पुढचे दोन्ही पाय टेकून उभी राहिली आणि ओरडली. माझ्याकडं बघून ती कधी तशी ओरडलेली नाही.

ते ओरडणं फोनमधून पलीकडं ऐकू गेलं. मग आक्कांनी विचारलं, "मास्तर, कोण ते?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. एक वाक्य फक्त.

"दुसऱ्याचं मांजर हाय, आक्का."

"असू दे," आक्का म्हणाल्या. "भुकेलं असंल. दूध घाला त्याला."

मी आत जाऊन वाटीत दूध घातलं. ती जाळीपाशीच उभी होती. इथून गोकाकला बस आहे. मी अजून गेलेलो नाही.