चढाईसाठी आणलेला जावई

आमच्या गावात कबड्डीचा संघ उभा करायचा म्हणजे आधी सोयरीक पाहावी लागे. हसू नका, मंडईच्या सामन्यांचा नियमच तसा होता. दिवाळी झाली, धान कापून खळ्यावर आलं की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाळणे, मिठाईची दुकानं, रात्री नाचगाण्याची दंडार आणि दुपारच्या उन्हात कबड्डी. त्या कबड्डीत गावाकडून कोणी उतरायचं, तर गावात राहणाऱ्यानं, गावच्या भाच्यानं किंवा गावच्या जावयानं. बाकी कोणी नाही. भाड्यानं खेळाडू आणू नयेत म्हणून जुन्या माणसांनी हा नियम केला होता. झालं उलटंच. लोक खेळाडू हेरून नाती जोडू लागले.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा आमचा संघ पार थकला होता. पहिल्या चढाईचा गडी गुडघ्याला पट्टी बांधून यायचा आणि पट्टीलाच हात लावून बसायचा. दुसरा नोकरीला लागून नागपूरला गेला. उरलो आम्ही पकड करणारे. मी उजव्या कोपऱ्यात असायचो, वय विशीचं, आणि घोट्याची पकड अशी की माझ्या तावडीतून म्हैस सुटली नसती. पण नुसत्या पकडीवर संघ किती दिवस चालणार? सलग काही वर्षं मोहाडीकडचा एक संघ आम्हाला लोळवून ढाल घेऊन जात होता आणि जाताना आमच्याच गावातून वाजतगाजत जात होता.

मग सायकल दुकानासमोर रोज सभा भरू लागली. सभेचे अध्यक्ष कोतवालकाका. नोकरी संपली होती, आवाज शिल्लक होता. दुकानदार मिस्त्री पंक्चर काढता काढता बोलायचा, आणि ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे पाहत मुद्दा मांडायचा. कप्तानही यायचा. तो बौद्ध वस्तीतला, तुमसरकडच्या खाणीत कामाला होता. सुटीच्या दिवशी घरी आला की घरच्यांना तोंड दाखवायच्या आधी इथे हजर.

"नव्या पोट्ट्यांना घेऊ," कप्तान म्हणायचा. "दोन वर्ष मार खाऊन शिकतीन."

"दोन वर्ष?" कोतवालकाका गरजायचे. "दोन वर्षात मी राहीन का जाईन, कोणाले माहीत! मले या वर्षी ढाल पाहिजे."

"मंग अदलाबदल करा," मिस्त्री बुडबुडे पाहत म्हणाला. "याचा मामा नाकाडोंगरीचा. तठी हा भाचा म्हणून चालते. याले तिकडे देऊन टाका, तिकडं राहणारे आपल्या गावचे दोन भाचे इकडे आणा."

"याले" म्हणजे मला. मी तिथेच, त्याच्या शेजारी उकिडवा बसून त्याचा पंप धरला होता.

"एकाच्या बदल्यात दोन देतीन का ते?" कोतवालकाकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैल पाहतात तसं. दात तेवढे पाहायचे राहिले. "पकड चांगली आहे. पण धावताना भोवऱ्यासारखा फिरते. एकच देतीन."

"काका, मी अठीच बसून आहो," मी म्हणालो.

"मंग बस ना बे. कोण उठवून राहिलं तुले?"

आपला सौदा आपल्यासमोर होताना पाहणं ही मोठी गंमत असते. दोन दिवस मी रागात होतो, तिसऱ्या दिवशी स्वतःच माझी बाजू मांडून माझा भाव वाढवू लागलो. पण नाकाडोंगरीवाल्यांनी एकही भाचा द्यायला नकार दिला आणि मी आहे तिथेच राहिलो.

त्याच सुमारास आमच्या घरी बाईच्या लग्नाचं चाललं होतं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तीन स्थळं आली होती आणि वडिलांचं काही ठरत नव्हतं. त्यातलं एक स्थळ लाखांदूरकडचं. सायकल दुकानासमोर ही बातमी पोचली तेव्हा मिस्त्रीच्या हातातली ट्यूब पाण्यात पडली.

"लाखांदूरकडचा? तो उंच, काळासावळा? जो चढाईले जाते अन् तिघायले हात लावून हसत येते तो?"

"तोच," मी म्हणालो.

कोतवालकाका उठून उभे राहिले. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि माझ्या वडिलांना त्या मुलाची शेती, स्वभाव, खानदान यांवर इतकं ऐकवलं की वडिलांना वाटलं, मुलगा यांचाच कोणी आहे. कबड्डीचा त्यांनी उच्चारही केला नाही. जाताना दारात तेवढं म्हणाले, "अन् पोट्ट्याचा दम मोठा आहे हो."

बाई आत भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि चेहरा गंभीर करून म्हणालो, "बाई, गावासाठी हो म्हण."

"गावासाठी कायले म्हणू? तुमचा कबड्डीचा धंदा मले समजत नाही असं वाटते का?" ती म्हणाली. "मी पाहिला आहे तो. मागच्या मंडईत त्याले पकडलं होतं, चांगला आपटला होता. उठला अन् ज्यानं पकडलं त्याच्याच अंगावरची माती झाडून राहिला होता. म्हणून हो म्हणून राहिली मी. तुमच्या ढालीसाठी नाही."

लग्न झालं. वऱ्हाडात आमच्या संघाची माणसं नवऱ्याच्या मांड्या-पोटऱ्यांकडे पाहून एकमेकांना खुणावत होती, हे मी सोडून कोणाच्या लक्षात आलं नसावं.

मंडईच्या दिवशी भाऊजी सकाळच्या एस.टी.नं आले. दुपारी सामना होता. आणि इथे आमच्या गावानं अशी चूक केली की जी फक्त आमचंच गाव करू शकतं. नवा जावई लग्नानंतर पहिल्यांदा गावात आलेला, तो उपाशी कसा ठेवायचा? आमच्या घरी पुरणपोळी. चुलत्यांकडे वडे आणि खीर. कोतवालकाकांकडे सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या. मिस्त्रीनं तर कोंबडा कापला होता. कप्तानाची आई दारात उभी राहून म्हणाली, "जावईबापू, आमच्या घरचं काही चालत नाही का तुमाले?" यावर कोण नाही म्हणणार? भाऊजी प्रत्येक घरी बसले, प्रत्येक ताट संपवलं, कारण ताटात टाकलं तर ते घर दुखावेल. आणि वाढणारे कोण? तर तेच, जे दुपारी त्यांच्याकडून ढाल मिळवणार होते. "खेळायचं आहे, अंगात ताकद पाहिजे," असं म्हणून आणखी एक पोळी.

सामना सुरू झाला. मैदानावर तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेली, भोवती गावोगावची माणसं, एका बाजूला बाया. बाई माहेरच्या बायांमध्ये नवी साडी नेसून बसली होती. भाऊजींनी पहिली चढाई कशीबशी केली. दुसऱ्या चढाईला ते मोहाडीकडच्या संघाच्या अंगणात गेले, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" म्हणत डावीकडे झुकले, आणि तिथे त्यांना ढेकर आली.

साधीसुधी ढेकर नव्हती ती. आमच्या गावातल्या पाच घरांची एकत्र ढेकर होती. दम तुटला. पंचानं शिट्टी मारली. भाऊजी बाद. कोणी हातही लावला नव्हता.

समोरचे लोक हसून हसून तनशीवर लोळले. पण खरी गोष्ट आमच्या बाजूची. आमच्याकडे कोणी एक शब्द बोललं नाही. एरवी साधी पकड सुटली तरी कोतवालकाका माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता ते हात जोडून म्हणाले, "असू द्या, असू द्या, जावईबापू. लागलं तर नाही ना?" कोणीतरी पळत जाऊन शाळेतली खुर्ची आणली आणि भाऊजींना मैदानाच्या कडेला बसवलं. त्यांना उठायचं होतं, पण चौघांनी खांद्यावर हात ठेवून आदरानं दाबून ठेवलं. आम्ही हरलो. भाऊजी खुर्चीवर बसून ते पाहत होते.

भाऊजी परत गेले, बाई माहेरी राहिली. त्या आठवड्यात ती पाणवठ्यावर जाताना गावातली पोरंटोरं मागून ढेकर द्यायची. बाई मान ताठ ठेवून जायची, पण घरी आल्यावर घागर आपटायची. सायकल दुकानासमोर निर्णय झाला की जावईबापूंना पुढच्या वर्षी मंचावर बसवू, त्यांच्या हातून नारळ फोडू, हार घालू. खेळाचं पाहता येईल. मी घरी हे सांगितलं. बाई म्हणाली, "एस.टी.त चढताना ते मले काय म्हणाले, माहीत आहे? तुझ्या गावात मले एक शिवी नाही भेटली, म्हणजे मी त्याइचा कोणीच नाही." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "हार नको त्याइले. पुढच्या वर्षी ते खेळले नाही, तर मी माहेरच्या मंडईले पाय ठेवणार नाही."

आमच्याकडे मंडईला लेकी माहेरी येतात. तेच वर्षाचं येणं. ते बंद करायचं म्हणजे काय, हे आईला कळलं.

पुढच्या वर्षी बाई आठ दिवस आधीच नवऱ्याला घेऊन आली. आल्या दिवशी तिनं दारोदार जाऊन सांगितलं, "जेवण मंडई झाल्यावर. आधी कोणी पानसुपारी जरी दिली, तर मी त्या घरात येणार नाही." कोतवालकाकांच्या घरी तिनं चुलीवरची कढई स्वतः उतरवली. काका म्हणाले, "अवं, पण जावई..." ती म्हणाली, "काका, जावई मंडईनंतर. आता तो चढाईचा गडी आहे."

पण सरावाला दुसरंच संकट. भाऊजी चढाईला आले की आमचे लोक पकडीला जायचे आणि हात लागताच सोडून द्यायचे. जावयाचा पाय ओढायचा कसा? कप्तानानं एकदा चुकून घोटा धरला, तर लगेच सोडून त्या पायाला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला. तोवर भाऊजी रेषेपलीकडे. असं दोन दिवस चाललं. पकड न करता सराव कसला? भाऊजींचा चेहरा उतरत चालला होता.

तिसऱ्या दिवशी बाई मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. सरावाला बाया येत नसत, त्यामुळे सगळे थबकले.

"काहून रे," ती मला म्हणाली, "तू साळा आहेस ना त्याइचा? मेहुण्याची मजाक करायले तुले कोणाची परवानगी पाहिजे?"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. साऱ्या गावाला ते जावईबापू. मला मात्र भाऊजी. साळ्यानं भाऊजींच्या चपला लपवाव्यात, त्यांच्या पानात मिरची घालावी, हे तर रीतीतच बसतं. मग त्यांना तनशीत तोंडावर पाडलं तर काय बिघडणार?

भाऊजी चढाईला आले. मी कोपऱ्यातून सरकलो, घोटा धरला आणि सारं अंग टाकून दिलं. ते असे कोसळले की तनीस वर उडून माझ्या डोळ्यांत गेली. मिस्त्रीनं तोंडावर हात ठेवला. भाऊजी उठले, तोंडातली काडी थुंकली आणि खदखदा हसले.

"साळेसाहेब," ते म्हणाले, "आता कुठं सराव सुरू झाला."

पुढच्या चढाईला त्यांनी मला असं झुलवलं की मी माझ्याच पायात पाय अडकून पडलो. त्यानंतर कप्तानानं पकडलं. मग बाकीच्यांनी. संध्याकाळपर्यंत जावयाच्या कोपरांना खरचटलं होतं आणि बाई त्यावर हळद लावताना गुणगुणत होती.

मंडईच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच मोहाडीकडचा संघ. शेवटच्या मिनिटांत गुण बरोबरीत आले आणि चढाई भाऊजींची. ते आत गेले, एकाला हात लावला. आता परत यायचं आणि संपलं. पण माणूस हावरा. त्यांना दुसराही हवा होता. ते आणखी आत शिरले. समोरच्यांची साखळी दोन्ही बाजूंनी मिटत आली.

आणि तेव्हा कोतवालकाकांचा तोल गेला.

"अबे गधड्या! मागं ये ना बे! तठी काय सासुरवाडी आहे तुही?"

आवाज मैदानाच्या चारी बाजूंना पोचला. काकांनी जीभ चावली. आमच्या बाजूच्या सगळ्यांच्या माना बायांकडे वळल्या.

बाई उठून उभी राहिली. त्या काळी बाया नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत, चारचौघांत हाकही मारत नसत. तिनं पदर कमरेला खोचला आणि काकांपेक्षा मोठ्यानं ओरडली, "ऐकू नाही येत का? गधडा म्हणून राहिले तुमाले! मागं या!"

भाऊजींनी दम न तोडता मान वळवली. तोंडानं "कबड्डी, कबड्डी" चालू आणि चेहऱ्यावर हसू. मग त्यांनी उडी घेतली. दोघं त्यांच्या कमरेवर, एक पायावर, पण एक हात लांब होऊन मधल्या रेषेवर पडला. पंच वाकला, पाहिलं आणि आमच्या बाजूला हात केला.

ढाल गावात आली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल दुकानासमोर आनंद ओसरून सभा सुरूही झाली होती. भाऊजी जुन्या टायरवर बसून सगळ्यांशी भांडत होते.

"डाव्या बाजूनं कच्चा आहे तू," कोतवालकाका त्यांना म्हणत होते. "अन् हावरा. मी तर म्हणतो, याले देऊन मोहाडीवाल्याइचा डावखुरा गडी भेटत असन, तर विचार करा."

"द्या ना," भाऊजी म्हणाले. "पण एकटा जाणार नाही. हा साळाही न्यावा लागन."

"त्याले कोण घेते?" मिस्त्री म्हणाला.

बाई घागर घेऊन तिथूनच चालली होती. तिनं सगळं ऐकलं. ती थांबली नाही, पण इतकी हसली की घागरीतलं पाणी रस्ताभर सांडत गेलं.