देवघरातला फ्रीज

आमच्या घराची वायरिंग लाकडी पट्टीवरची, माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठी. स्वयंपाकघरात मिक्सर लावला की बोर्डातून चटचट आवाज यायचा, जळका वास सुटायचा. मला त्याची खरोखर भीती वाटायची. मी पाटावर उभी राहून, देवाचं नाव घेत, लाटण्यानं बटण दाबायचे. घरातले हसायचे. हसणाऱ्यांपैकी कुणीही मिक्सर लावायला पुढं आलं नाही, हेही सांगून ठेवते.

शेवटी वायरिंग बदलायचं ठरलं. सगळं घर एकदम उकरलं तर राहायचं कुठं, म्हणून एकेक खोली घ्यायची. मी स्वयंपाकघर आधी म्हणाले. वायरमनही तेच म्हणाला. पण सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, मान हलवली. घरातलं कुठलंही नवं काम देवापासून सुरू होतं, हा त्यांचा कायदा. नवे गहूसुद्धा आधी देवापुढं जातात, मग गिरणीत. तेव्हा पहिलं देवघर.

देवघरात होता एक बल्ब. पण नवी जाड वायर मीटरपासून थेट तिथं आली आणि वायरमननं चांगले दणकट पॉइंट बसवून दिले. पुढची खोली परवा, असं सांगून गेला तो गेलाच. उन्हाळा लागला होता. सोलापूरभर कूलर दुरुस्त करत फिरणारा माणूस आमचा फोन कशाला उचलतोय?

मग व्हायचं तेच झालं. घरात भरवशाचा करंट फक्त देवाकडं. जुन्या बोर्डावर सारखा बंद पडणारा फ्रीज देवघरात गेला. त्याच्यामागून इस्त्री, मिक्सर, मोबाइलचे चार्जर. मामा विभूती लावून डोळे मिटायचे आणि शेजारी मी शेंगदाण्याची चटणी फिरवायचे. मामा देवाशी कन्नडमध्ये बोलतात. त्या दिवसांत ते मिक्सरशीही कन्नडमध्ये बोलायला लागले, पण त्यात भक्ती नव्हती.

खरी पंचाईत पुढंच. अंघोळ केल्याशिवाय आमच्याकडं देवघरात पाऊल टाकत नाहीत. त्यामुळं गार पाणी प्यायचं तर आधी अंघोळ. नवरा बाहेरून आला की मोबाइल चार्जिंगला लावायचा म्हणून अंघोळीला जायचा. इतका स्वच्छ तो लग्नातही नव्हता. आलेल्या पाहुण्याला सरबत विचारायची सोय राहिली नाही. आणि नळाला पाणी कुठं रोज येतंय? टाकी तळाला गेली. मी मामांना म्हणाले, एवढा नियम सोडा. ते म्हणाले, नियम सोडायचा नसतो.

मी चिडले. मिक्सर उचलला आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या बोर्डाला लावला. रागाच्या भरात पाटही घेतला नाही, लाटणंही नाही. मला असा करंट बसला की भांडं एकीकडं, मी एकीकडं आणि चटणी सगळीकडं. मामा धावत आले. पूजा अर्धी टाकून उठलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मला काही झालं नव्हतं, तरी त्यांनी मला पाटावर बसवून पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओट्याशेजारच्या फडताळातले डबे खाली, आणि तिथं सगळे देव मांडलेले. पूजा आटोपून मामा स्कूटर घेऊन बाहेर पडले आणि वायरमनला मागं बसवूनच घेऊन आले. त्यानं विचारलं, आता कुठली खोली?

"देव जितं हाईत, तितनं सुरुवात," मामा म्हणाले. "आमच्या घरात तसंच असतंय की."

वायरमन गुपचूप स्वयंपाकघरात शिरला. मी मामांना हळूच म्हणाले, देवांना इथं फोडणीचा ठसका लागेल.

"लागू दे की," मामा म्हणाले. "त्यांना ठसका चालतोय. तुला करंट बसलेला न्हाय चालत, पोरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोडणी तर अजून टाकलीही नव्हती.