बिबट्याच्या दिवसांतलं चालणं

कोल्हारपासून दोन-अडीच किलोमीटर आत आमची वस्ती. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. घरात मी, हे आणि सासूबाई. मुलगी पुण्याला नोकरीला. मी ब्लाउज शिवते. वीसेक वर्षं मशीनवर बसून सेहेचाळिसाव्या वर्षी कंबर धरली आणि त्याच वर्षी शुगर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी देते, पण रोज चाळीस मिनिटं चालायचं. घरकाम त्यात धरायचं नाही."

घरी आल्यावर ते सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "दिसभर काय बसून असती व्हय तू? आन् चालाया जायाचं म्हंजी कुठं जायाचं?"

कुठंच जायचं नव्हतं. तेच त्यांना पटत नव्हतं. बाईमाणूस दूध घालायला जातं, चाऱ्याला जातं. नुसतं चालायला कोण जातं?

तरी मी जायला लागले. शेजारच्या वस्तीवरची माझी चुलत जाऊ बरोबर यायची. सकाळी साडेसहाला निघायचं, कालव्याच्या चारीच्या कडेकडेनं पुलापर्यंत जायचं आणि परत. जाऊ नकला फार छान करायची. बँकेतला शिपाई, तिची विहीण, आमच्या सासूबाईसुद्धा. एकदा मी हसता हसता चारीच्या भरावावर खालीच बसले. दोन महिन्यांत झोप लागायला लागली, गुडघ्यातली कुरकूर थांबली. स्वतःचेच ब्लाउज मला दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले.

मग बिबट्या आला. जावेच्या गोठ्यातली कालवड त्यानं दिवेलागणीला ओढून नेली. दुसऱ्या दिवशी चारीच्या ओल्या मातीत, आम्ही रोज चालायचो तिथंच, हाताच्या पंज्याएवढे ठसे. वनखात्याची माणसं आली, उसाच्या कडेला पिंजरा लावला आणि सांगून गेली की उजाडल्याशिवाय आणि दिवस मावळल्यावर कुणी एकटंदुकटं बाहेर पडू नका. जावेच्या घरच्यांनी तर वस्तीच सोडली आणि गावात भाड्यानं खोली घेतली. यांनी आमच्या फाटकाला कुलूप आणलं. किल्ली यांच्या खिशात.

मी पडवीत चालायला लागले. भिंतीपासून भिंतीपर्यंत अकरा पावलं. वळायचं, परत अकरा. पंधरा मिनिटांत गरगरायचं.

मुलीनं मोबाईलवर योगासनांचे व्हिडिओ पाठवले. मी सतरंजी टाकून पाठीवर पडले की सासूबाई दुधाचं पातेलं घेऊन बाजूनं जाताना थांबायच्या. "काय गं, बरं न्हाई का?" पण खोटं कशाला सांगू, आसनांनी कंबर मोकळी झाली. मशीनवर तासभर जास्त बसता यायला लागलं.

शुगर मात्र हलेना. तेव्हा हे नगरला जाऊन व्यायामाची जुनी सायकल घेऊन आले, टेम्पोत घालून. पुढच्या खोलीत जागा नव्हती म्हणून ती मागच्या खोलीत खताच्या गोण्यांशेजारी, भिंतीकडे तोंड करून ठेवली. यांनी स्वतः तेलपाणी केलं, सीटवर जुनी उशी बांधली. यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी रोज चाळीस मिनिटं त्या भिंतीकडे बघत पायडल मारायचे. खताच्या वासानं डोकं भणभणायचं.

शुगर उतरली. आणि माझा स्वभाव बिघडला. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या मी उलट्या शिवल्या. चहात साखर कमी पडली म्हणाल्या म्हणून सासूबाईंवर एवढी ओरडले की त्या उठून गोठ्यात जाऊन बसल्या. मग मीच त्यांना आणायला गेले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "आकडे छान आहेत. तुम्हाला कसं वाटतंय?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. हे शेजारी बसलेले, खाली फरशीकडे बघत.

"सायकलनं साखर उतरते, आसनांनी कंबर सुटते," त्या हळूच म्हणाल्या. "पण बाहेर चालत होतात तेव्हा तुमचं काय होत होतं?"

यांच्यासमोर मला ते सांगता येईना. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "सायकल जड चालती का? ग्रीस लावतो."

पुढच्या महिन्यात बिबट्या पिंजऱ्यात सापडला. सगळी वस्ती मोबाईल घेऊन धावली. मी माळ्यावरून चालायचे बूट काढले, झटकले.

"ऊस हाय तवर दुसरा येतोच," हे म्हणाले. चिडायला झालं, कारण ते खरं होतं. आठवडा गेला नाही तोच परत ठसे.

त्या दिवशी मी म्हणाले, "अहो, मग मी जन्मभर भिंतीसमोर पायडल मारू का?"

यांनी खिशातून फाटकाची किल्ली काढली. मग म्हणाले, "दहा वाजता जा. डांबरीवरून. मी येतो बरोबर."

पहिल्या दिवशी हे चालत आले. दुसऱ्या दिवशी यांचा गुडघा दुखायला लागला, म्हणून यांनी मोटारसायकल काढली. मी पुढे चालतेय आणि मागे पहिल्या गिअरमध्ये घरघरणारी गाडी. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय झालं? भांडण झालं का?" हे हात हलवून त्यांना पुढे घालवायचे. मागून गाडीचा आवाज येत असला की पाय आपोआप भराभर पडतात; व्यायाम म्हणून ते चांगलंच असेल. पण हात मोकळे सोडून चालता येत नाही. मान वळवून काही बघितलं की लगेच, "काय गं, काय दिसलं?"

मागच्या चैत्रात रस्त्याकडेचा गहू निघाला आणि पार लांबपर्यंत रान मोकळं झालं. मी न सांगता रस्ता सोडला आणि बांधावर चढले. बांध वीतभर रुंद, गाडी यायचा प्रश्नच नव्हता. हे रस्त्यावरून हाका मारत राहिले. मी बांधाच्या टोकापर्यंत गेले. तिथं काही नव्हतं, कोरडा पाट आणि दोन बगळे. कमरेवर हात ठेवून उभी राहिले, श्वास खाली बसेपर्यंत. मग परत आले.

"ऊन वाढलं," एवढंच हे म्हणाले आणि गाडी सुरू केली.

आता तिथंही ऊस उभा आहे. रोज दहाला मी डांबरीवरून चालते, आणि हे मागे असतात.