दारू सोडल्याची पार्टी

दारू सोडली म्हणून माणसाचा सत्कार करू नका, हे मी आजवर किती सरपंचांना सांगितलं असेल, त्याचा हिशेब मी सोडून दिलाय. ऐकतो कोण? आमच्याकडे कुणी फौजेत भरती झालं, कुणी हजहून किंवा काशीहून परत आलं, कुणाची पोरगी डॉक्टरकीला लागली, की शाल, नारळ आणि फेटा. त्याच रांगेत दारू सोडलेल्या माणसालाही नेऊन उभा करतात. बाकीच्यांचं काम झालेलं असतं, ह्याचं रोज सकाळी उठून नव्याने सुरू होतं, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

व्यसनमुक्ती कार्यक्रमाची समन्वयक असं माझ्या कामाचं भारदस्त नाव आहे. म्हणजे काय, तर गावोगावी दारू सोडू बघणाऱ्यांची आठवड्याची बैठक सुरू करायची, ती चालू राहते का ते बघायचं, आणि दारू सोडल्यावर कुणाला थरथर सुटली, फिट आली, तर घरचे त्याला बाहेरचं झालंय म्हणून अंगारा लावायच्या आत तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचं. ऑफिस नांदेडला. तिथल्या साहेबांनी नकाशावर बोट फिरवून माहूरपासून औशापर्यंतचा सगळा पट्टा माझ्या गळ्यात मारला. नकाशावर तो वीतभरही भरत नाही. एकदा एसटीत बसून बघा म्हणावं.

ही गोष्ट औसा तालुक्यातल्या एका गावची. तिथे शाळेच्या एका खोलीत शनिवारी संध्याकाळी बैठक भरायची. त्यात एक चाळिशीचा माणूस यायचा, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवणारा. तोंडातून शब्द काढेल तर शपथ. पीत होता तेव्हा एकदा चालू ट्रॅक्टर नांगरासकट विहिरीच्या काठापर्यंत नेऊन त्यावरच झोपला होता. त्या दिवशी त्याची बायको दोन्ही पोरींना घेऊन इकडच्याच मुरुडला माहेरी निघून गेली. पुढे तो बैठकीला यायला लागला, अख्खा पावसाळा त्याने कोरडा काढला, तेव्हा ती परत आली. आली ती थेट बैठकीत. बसली नाही. दारातच उभी राहून सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "पुन्हा एकदा तोंडाला वास आला, की मी चालले मुरुडला. मग न्यायला यायचं न्हाई."

ही बाई बोलल्यासारखं करणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं, त्यालाही.

आणि गावाला नेमका आता त्याचा सत्कार सुचला. यात्रेच्या दिवशी, स्टेजवर, कुस्त्यांच्या आधी. सरपंचांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात असा काही आनंद, की त्यांनीच सोडली असावी. मी म्हटलं, नको. त्याच्या डोक्यावर ओझं होईल, निभावू द्या त्याला गुपचूप. ते म्हणाले, मॅडम, चांगल्याला चांगलं म्हणायला नको का? मी तासभर समजावलं. ते प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय तुमचं" म्हणत गेले आणि शेवटी म्हणाले, फ्लेक्स छापायला गेलाय.

वेशीत टांगलेला तो फ्लेक्स मी पाहिला तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. डावीकडे तो गटारीकडेला आडवा पडलेला, कुणीतरी कधीकाळी मोबाइलवर काढलेला फोटो. उजवीकडे भांग पाडून, गालात हसत. वर 'व्यसनमुक्तीचा आदर्श', खाली गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे गोल गोल चेहरे. डावा फोटो तरी काढा म्हटलं, तर म्हणे त्याशिवाय फरक कसा कळंल? त्याच्या पोरी रोज त्याच वेशीतून शाळेत जातात, हे माझं बोलणं हवेतच विरलं.

तो स्वतःच नको का म्हणत नाही, असं मी त्याला बैठकीत विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला की गावाने शाल द्यावी आणि आपण नको म्हणावं, असं कसं करायचं. गावाचा अपमान होतो. एवढं बोलला हेच पुष्कळ. वर सरपंचांनी माझाही सत्कार ठेवला होता. माझं डोकं असं सणकलं की मी यात्रेच्याच दिवशी माहूरची बैठक लावून टाकली.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. ज्याचा सत्कार होतो त्याने पार्टी द्यायची. नोकरी लागली, द्या पार्टी. गाडी घेतली, द्या पार्टी. एका म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तर त्याच्याकडूनही उकळली होती, नजर आली म्हणून. आणि पार्टी म्हणजे काय, हे सांगायला नको. यात्रेच्या स्टेजवर शाल खांद्यावर पडते न पडते तोच कुणीतरी माइकमधूनच जाहीर केलं, आता सत्कारमूर्तींकडून पार्टी. गाव हसलं, टाळ्या पडल्या. दारू सोडली म्हणून दारूची पार्टी. ह्यात काही चुकतंय असं त्या एवढ्या गर्दीत एकालाही वाटलं नाही. तो शाल-नारळ घरी ठेवून येतो न येतो तोच, तू पिऊ नको की, आम्हाला पाज, असं म्हणत त्याला ढाब्यावर नेला.

मी तेव्हा माहुरात, एका धर्मशाळेच्या हॉलमध्ये. समोर बायामाणसं बसलेली, मी बोलायला उभी राहणार, तेवढ्यात त्याचा फोन.

"मॅडम, ढाब्यावर बसलोय. समोर बाटली हाय. उठावं म्हणतो, पाय उठंना."

मी म्हटलं, फोन चालूच ठेव आणि तसाच चालायला लाग, कुणाला काही सांगू नको. तो म्हणाला, सकाळीच शाल घातली त्यांनी, आता कसा उठू. मग कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला, मॅडम जेवण झालं का, असं अगदी प्रेमाने विचारलं आणि ठेवून दिला. असा संताप आला की हातातला फोन भिंतीवर आपटावा. मधे दोन जिल्हे, मी करणार काय?

सरपंचांना लावला. ते तिथेच बसलेले. म्हणाले, त्याला थंडा मागवलाय, कुणी पाजत न्हाई त्याला, तुम्ही लई टेन्शन घेता. मागून हसण्याचा आवाज. मग मी त्याच्या बायकोला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, निदान त्याला किंवा मला चार शिव्या देईल. तिने फक्त कोणता ढाबा ते विचारलं आणि फोन कट. पुन्हा लावला तर उचलला नाही. त्या दिवशी माहूरच्या लोकांपुढे मी काय बोलले, देव जाणे. ती मुरुडची गाडी पकडायला निघाली असणार, एवढंच डोक्यात.

पुढचं शनिवारच्या बैठकीत त्यानेच सांगितलं. ती चालत आली. आमच्या भागात बाईमाणूस ढाब्याच्या आत पाऊल टाकत नाही, ही सरळ टेबलापाशी आली. वहिनी आल्या म्हटल्यावर माना खाली गेल्या, एकाने बाटली पायाशी सारली, एकाने बसायला खुर्ची ओढली. ती बसली नाही. काखेत सकाळची शाल होती, हातात नारळ. दोन्ही तिने सरपंचांपुढे ठेवलं.

"ह्ये तुमचं तुम्ही घ्या," ती म्हणाली. "माझा माणूस मला द्या."

त्याच्या हातात भरलेला ग्लास होता. थंड्याचा नव्हे. तो त्याने खाली ठेवला आणि तिच्यामागे चालू लागला.

"घोटबी घेतला न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "पण ती जरा उशिरा आली आस्ती तर..." मग म्हणाला, घरी गेल्यावर तिने आधी त्याचं तोंड हुंगलं आणि मग भाकरी वाढली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवण्यात काय अर्थ आहे. पण सुखाने रडू देतील तर ते आमचं गाव कसलं! दुसऱ्याच दिवशी सरपंचांचा फोन. त्या बाईने चारचौघांत गावाचा अपमान केलाय, तिला माफी मागायला लावा, नाहीतर शाळेची खोली बैठकीला मिळणार नाही. मी म्हटलं, खोली तुम्हालाच लखलाभ. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरपंचाचा फोन मी आधी ठेवला.

आता बैठक तिच्याच अंगणात भरते. वेशीतला फ्लेक्स तिने त्याच आठवड्यात सोडून आणला होता, तोच बसायला अंथरतात. पुढाऱ्यांच्या गोल चेहऱ्यांवर सगळे खुशाल मांड्या ठोकून बसतात. गटारीकडेच्या त्या फोटोवर मात्र दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. ती जागा त्याची ठरलेली आहे. शनिवारी तो सगळ्यांच्या आधी येतो आणि तिथे बसतो.