पाळकसाहेबांचं प्रूफ

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या छापखान्यात चर्चचे पाळकसाहेब आपल्या नीती-इतिहासाच्या शालेय पुस्तकांची प्रुफं तपासायला येत. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचो, ते प्रुफावर पट्टी सरकवत जायचे. स्वल्पविरामसुद्धा मला उच्चारायला लावत.

एकदा चौघेजण साहेबांचं इतिहासाचं पुस्तक नाचवत आत घुसले. "ह्यो धडा कुणी लिवलाय?"

"मला काय म्हाईत न्हाय," मी घाईनं म्हणालो.

साहेब पेनाला टोपण लावून उठले. "मी लिहिलाय, पावणं. कुठली ओळ खोटी हाय, दाखवा."

ओळ कुणालाच दाखवता येईना. शेवटी पुन्हा येतो म्हणून दम देत ते गेले.

साहेबांनी नीतिपाठाच्या प्रुफावर पट्टी ठेवली; ती वाकडी पडली, म्हणून पुन्हा सरळ केली. "हं, वाचा पुढं."

पुढची ओळ होती, 'भीती वाटली, तरी खरे बोलावे.'

मी स्वल्पविरामापर्यंतच पोचलो.